पहिल्या षटकाचे सात चेंडू

१८ एप्रिल २००८ च्या संध्याकाळी बेंगळुरूच्या एम. चिन्नास्वामी स्टेडियमवर आयपीएलचा पहिलावहिला सामना सुरू झाला, तो अगदीच मिळमिळीतपणे. प्रवीण कुमारच्या पहिल्या चेंडूवर सौरव गांगुलीला लेगबायची एक धाव. तिसरा चेंडू वाइड. शेवटच्या चेंडूवर आणखी एक लेगबाय. षटक संपलं तेव्हा फलकावर तीन धावा होत्या आणि त्यांतली एकही बॅटमधून आलेली नव्हती. मग श्रीरामपूरचा झहीर खान दुसरं षटक टाकायला आला आणि ब्रेंडन मॅकलमने त्याचा हिशेब ०, ४, ४, ६, ४, ० असा चुकता केला. पुढचं क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ आहे. मॅकलम ७३ चेंडूंत नाबाद १५८, कोलकाता ३ बाद २२२, आणि राहुल द्रविडच्या नेतृत्वाखालचा बेंगळुरूचा संघ १५.१ षटकांत ८२ धावांत गारद. इंदूरला मराठी कुटुंबात जन्मलेला आणि बेंगळुरूत वाढलेला द्रविड घरच्या मैदानावर २ धावा करून परतला.

या सामन्यातला प्रत्येक चेंडू आज कुणालाही संगणकावर उतरवून घेता येतो. ‘क्रिकशीट’ नावाचा उपक्रम हजारो सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदी ‘जेसन’ या मांडणीत फुकट देतो. फाइल उघडली की सगळ्यात वरच्या थरात तीनच गोष्टी दिसतात: फाइलविषयी माहिती, सामन्याविषयी माहिती (मैदान, नाणेफेक, पंच वगैरे) आणि डाव. डाव ही दोन नोंदींची यादी. प्रत्येक डावात आधी संघाचं नाव, मग षटकांची यादी. प्रत्येक षटकात आधी षटकाचा क्रमांक, मग चेंडूंची यादी. प्रत्येक चेंडूत फलंदाज, गोलंदाज, नॉन-स्ट्रायकर आणि धावा. धावा म्हणजेही सुटा आकडा नव्हे. तीही तीन आकड्यांची यादी आहे: बॅटच्या, अवांतर आणि एकूण. यादीच्या पोटात यादी, तिच्या पोटात आणखी एक.

एवढा खटाटोप कशाला, सरळ एक्सेलसारखा तक्ता का नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण तक्त्याला प्रत्येक ओळीत सारखेच रकाने लागतात. क्रिकेटचं षटक म्हणायला सहा चेंडूंचं. प्रवीण कुमारच्या त्या पहिल्या षटकात वाइड धरून नोंदी सात आहेत. बेंगळुरूच्या डावाचं सोळावं षटक एका चेंडूत आटोपलं, कारण पुढे खेळायला कुणी उरलंच नाही. कुठल्या चेंडूवर बळी जातो, बहुतेकांवर जात नाही. जातो तेव्हा झेल कुणी घेतला हेही नोंदवावं लागतं. ज्याची लांबी आधी सांगता येत नाही, ते पोटात घ्यायला यादीच बरी.

आता प्रश्न उरतो आत हात घालून हवी ती वस्तू बाहेर काढण्याचा. संख्याशास्त्राच्या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘आर’ या भाषेत नवशिके सर्वांत जास्त इथेच अडखळतात, आणि मुरलेलेही अधूनमधून.

आर भाषेची कुळकथा थोडक्यात. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘एस’ नावाची भाषा घडवायला घेतली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी नव्वदीच्या सुरुवातीला आर लिहिली. दोघांचीही आद्याक्षरं ‘आर’. तिची १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. आज ही भाषा सांभाळणाऱ्या छोट्या गटात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रातले दीपायन सरकारही आहेत. वरचं रूप तिने एसकडून घेतलं असलं, तरी आतली घडण ‘स्कीम’ या भाषेच्या वळणाची आहे, आणि स्कीम ही लिस्पच्या घराण्यातली. लिस्पचा तर सगळा प्रपंचच याद्यांवर उभा. यादीतलं पहिलं काढणं आणि पहिलं सोडून उरलेलं काढणं या दोन क्रियांवर जॉन मॅकार्थी यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ती भाषा रचली. म्हणजे जागेवरून वस्तू उचलण्याचा हा धंदा संगणकाच्या जगात बराच जुना.

आरमध्ये त्यासाठी चौकोनी कंस वापरतात, आणि ते दोन तऱ्हांचे आहेत: एकेरी [ ] आणि दुहेरी [[ ]]. चेंडूंच्या यादीतून एकेरी कंसाने पहिली जागा मागितली, तर एकच नोंद असलेली यादी हातात येते. दुहेरी कंसाने मागितली, तर ती नोंदच येते. लग्नात आलेल्या आहेराचं पाकीट आणि पाकिटातली नोट यांत जो फरक, तोच हा. पाकिटांची बेरीज होत नाही. एकेरी कंसाने काढलेल्या ‘धावा’ मिळवायला गेलं की आर कुरकुरते, की बेरजेला दिलेली वस्तू संख्या नाही. समोर तर आकडा दिसत असतो! दिसतो खरा, पण पाकिटाच्या आत.

मग एकेरी कंस हवेतच कशाला? कारण ते एका वेळी अनेक जागा देतात. पॉवरप्लेची पहिली सहा षटकं हवी असतील, तर षटकं[१:६] एवढंच पुरतं आणि उत्तरात सहा षटकांची यादी मिळते. दुहेरी कंस एका वेळी एकच वस्तू देतो. त्याला एकाहून जास्त आकडे दिले, तर तो वेगळंच काहीतरी करतो, आणि ते मोठं मजेदार आहे. तो त्या आकड्यांना वाट समजतो. पहिल्या आकड्याने पहिल्या थरात शिरायचं, दुसऱ्याने त्याच्या पोटात, तिसऱ्याने त्याच्याही पोटात.

आयपीएलच्या इतिहासातला पहिला षटकार हवा आहे असं समजू. तो झहीरच्या षटकातला चौथा चेंडू. वाट अशी: ३, १, २, २, २, ४, ४, १. फाइलमधली तिसरी गोष्ट म्हणजे डाव, त्यांतला पहिला, डावातली दुसरी गोष्ट म्हणजे षटकं, त्यांतलं दुसरं, षटकातली दुसरी गोष्ट म्हणजे चेंडू, त्यांतला चौथा, चेंडूतली चौथी गोष्ट म्हणजे धावा, आणि धावांतला पहिला आकडा, बॅटचा. आठ आकडे दुहेरी कंसात घातले की आर उत्तर देते: ६.

बरं वाटतं. भगवद्गीतेतला श्लोक दोन आकड्यांत सापडतो, हा षटकार आठ आकड्यांत सापडला. याच भरात सामन्यातल्या पहिल्या चेंडूवर बॅटमधून किती धावा निघाल्या ते विचारू. वाट तीच, फक्त षटक पहिलं आणि चेंडू पहिला: ३, १, २, १, २, १, ४, १. अपेक्षित उत्तर शून्य. आर उत्तर देते: ‘बी बी मॅकलम’.

धावा विचारल्या आणि माणूस मिळाला. लाल अक्षरांतली एरर नाही, इशारा नाही, काही नाही. झालं असं, की क्रिकशीटच्या नोंदीत चेंडूवर अवांतर धाव असेल तरच ‘अवांतर’ नावाची एक जादा नोंद येते, आणि ती येते फलंदाज आणि गोलंदाज यांच्यानंतर, तिसऱ्या जागी. ती आली की नॉन-स्ट्रायकर तिसऱ्यावरून चौथ्या जागी सरकतो आणि धावा चौथ्यावरून पाचव्या. झहीरच्या षटकात अवांतर काहीच नसल्यामुळे चौथी जागा धावांचीच होती. पहिल्या चेंडूला लेगबाय होती, म्हणून त्याच जागेवर पलीकडच्या टोकाला उभा असलेला मॅकलम सापडला. शेवटचा १ तर आणखीच चोरटा. नाव ही एकच वस्तू. तिच्यातली पहिली वस्तू मागितली तर पुन्हा नावच मिळतं, म्हणून तिथेही काही खटकलं नाही.

एका चेंडूपुरतं हे डोळ्यांना दिसतं. खरं काम मात्र शेकडो चेंडूंवर एकदम करायचं असतं. त्यासाठी आरमध्ये ‘अप्लाय’ घराण्यातली फंक्शनं आहेत. एल-अप्लायला यादी आणि एक क्रिया द्यायची. ते प्रत्येक घटकावर ती क्रिया करून उत्तरांची नवी यादी देतं. यातली खुबी अशी, की आरमध्ये चौकोनी कंस हेसुद्धा एक फंक्शनच आहे. त्यामुळे कंसाची खूणच अवतरणचिन्हांत घालून एल-अप्लायच्या हाती देता येते, आणि पुढे जागेचा आकडा. ‘षटकांची ही यादी घे, प्रत्येकावर दुहेरी कंस चालव, दुसरी जागा दे’ असं एका ओळीत सांगितलं, की वीस षटकांमधून चेंडूंच्या वीस याद्या बाहेर पडतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही ओळ टायपिंगची चूक वाटते. लिहिणाऱ्याला मात्र ती फार आवडते, आणि आवडावी अशीच ती आहे.

एस-अप्लाय हे त्याचं मोकळंढाकळं भावंड. ते उत्तरं पाहून ठरवतं, की जमत असेल तर सुटसुटीत रांग द्यायची, नाहीतर यादीच ठेवायची. प्रवीण कुमारच्या पहिल्या षटकातल्या सात चेंडूंवर एस-अप्लायने तिसरी जागा मागितली, तर चार वेळा ‘एस सी गांगुली’ येतो आणि पहिल्या, तिसऱ्या व सातव्या जागी अवांतराच्या चिमुकल्या याद्या येतात. नावांत याद्या मिसळल्या आहेत, म्हणून एस-अप्लाय मुकाट्याने यादी परत करतं. पुढचं षटक दिलं, तर सहा नावांची सरळ रांग. एकाच आज्ञेची दोन षटकांत दोन रूपं. व्ही-अप्लाय मात्र शिस्तीचं. ‘प्रत्येक चेंडूमागे एक शब्द हवा’ असं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं, आणि पहिल्याच चेंडूला यादी हाती आली की ते काम थांबवून तक्रार करतं. काम अडलं की माणूस वैतागतो, पण रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वैताग परवडला; चुकीचा तक्ता सकाळी साहेबांच्या टेबलावर जाणं परवडत नाही.

षटकाचा शेवटचा चेंडू काढणं हे वरवर किरकोळ काम. सहावा मागावा, झालं. पण पहिल्या षटकातली सहावी नोंद हा पाचवा वैध चेंडू आहे, कारण मध्ये वाइड घुसला आहे. बेंगळुरूच्या सोळाव्या षटकात तर सहावी नोंदच नाही. तिथे दुहेरी कंस ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’ म्हणून एरर देतो. एकेरी कंस देत नाही. तो रिकामी वस्तू घातलेली यादी हातावर ठेवतो. पाकीट आहे, आत नोट नाही.

शेवटून मोजायचं म्हटलं तर आणखी एक गंमत. पायथनमध्ये उणे एक म्हणजे शेवटचा. आरमध्ये उणे एक म्हणजे पहिला वगळून बाकीचे सगळे. दोन्ही भाषा वापरणाऱ्यांचे हात इथे हटकून घसरतात. त्यातही दुहेरी कंसाचं वागणं पाहण्यासारखं आहे. दुहेरी कंसाला एकच वस्तू द्यायची असते. यादीत नेमक्या दोन वस्तू असतील, तर ‘पहिली सोडून उरलेली’ एकच राहते, म्हणून आर ती देऊन टाकते. या फाइलमध्ये डाव दोनच आहेत. म्हणजे पायथनच्या सवयीने डाव[[-१]] असं लिहिणाऱ्याला दुसरा, अर्थात शेवटचा डाव बिनबोभाट मिळतो, आणि आपल्याला आर येते असा त्याचा समज होतो. मग तोच हिशेब षटकांना लावला की एरर. सामना बरोबरीत सुटून सुपर ओव्हर झाली आणि नोंदीत चार डाव आले, तर डावांनाही एरर. शेवटची वस्तू हवी तर ‘टेल’ हे फंक्शन वापरावं, किंवा यादीची लांबी मोजून तो आकडा द्यावा. लांबी मोजणं कंटाळवाणं आहे, पण ते नेहमी खरं बोलतं.

मोजणी शून्यापासून की एकापासून, हा वाद तर या क्षेत्रातला सनातन. फोरट्रान एकापासून मोजते, सी शून्यापासून. पायथनने सीची री ओढली, आरने एकाची बाजू घेतली. एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका टिपणात शून्याची बाजू मांडली आणि शून्यवाले आजही ते पुढे करतात. क्रिकेटने मात्र दोन्ही पक्षांना खूश ठेवलं आहे. सामन्याचा पहिला चेंडू समालोचनात ०.१ असा लिहितात: षटकं शून्यापासून, चेंडू एकापासून! क्रिकशीटही पहिल्या षटकाला ० हाच क्रमांक देतं. त्यामुळे आरमध्ये षटकांच्या यादीतल्या पहिल्या जागी जे षटक असतं, त्याच्या अंगावर ० लिहिलेलं असतं आणि विसाव्या जागच्यावर १९. शून्य क्रमांकाचं षटक हवं म्हणून कुणी भाबडेपणाने एकेरी कंसात शून्य लिहिलं, तर आर रिकामी यादी देते. पुन्हा एरर नाहीच.

इतकं सगळं पाहिल्यावर मनात येणारच, की जागा मोजायच्याच कशाला. प्रत्येक नोंदीला नाव आहे तर नावाने हाक मारावी. बरोबर आहे. डॉलरचं चिन्ह लावून ‘धावा’ म्हटलं, की त्या चौथ्या जागी असोत की पाचव्या, धावाच मिळतात. बेंगळुरूच्या डावातल्या प्रत्येक चेंडूच्या धावा नावाने काढून बेरजा केल्या, तर बॅटच्या ६३ आणि अवांतर १९ भरतात, एकूण ८२. अकरा फलंदाजांत सर्वाधिक धावा नाबाद राहिलेल्या प्रवीण कुमारच्या, १८. म्हणजे त्या संध्याकाळी ‘अवांतर’ हाच बेंगळुरूचा सर्वांत यशस्वी फलंदाज होता.

पण नावंही बदलतात. क्रिकशीटच्या जुन्या नोंदींत फलंदाजाच्या आणि बॅटच्या धावांच्याही रकान्याचं नाव ‘बॅट्समन’ होतं. नव्या जेसन नोंदींत ते ‘बॅटर’ आहे. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनेही सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांत तोच शब्द घेतला. आता जुना प्रोग्रॅम नव्या फाइलवर चालवला तर? डॉलरचं चिन्ह यादीत नाव सापडलं नाही तर भांडत नाही, ‘नल’ म्हणजे ‘काही नाही’ एवढं देतं. शंभरेक वेळा ‘काही नाही’ गोळा करून त्यांची बेरीज केली, की आर शांतपणे सांगते: ०. बेंगळुरूच्या अकरा जणांनी मिळून बॅटने शून्य धावा केल्या. त्या रात्रीच्या प्रेक्षकांना कदाचित ते खरंही वाटलं असतं. जागेवर विसंबलेला प्रोग्रॅम या बदलात तरला असता, नावावर विसंबलेला बुडाला.

हॅडली विकहॅम यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘पर’ या पॅकेजने इथे थोडी सोय केली. त्यातल्या ‘मॅप’ फंक्शनला आकडा दिला तर ते जागेने उचलतं, शब्द दिला तर नावाने. ‘प्लक’ला तर एकाच वाटेत दोन्ही मिसळून देता येतात: डाव नावाने, त्यांतला पहिला आकड्याने, षटकं नावाने, दुसरं आकड्याने. साध्या दुहेरी कंसाला हे जमत नाही. शब्द आणि आकडे एका रांगेत ठेवले की आर आकड्यांचेही शब्द करून टाकते आणि ‘१’ नावाची वस्तू शोधत बसते. प्लकला वस्तू सापडली नाही तर ते गप्प राहतं, पण त्याचा जुळा भाऊ ‘चक’ बोंब मारतो. कुठे गप्प राहावं आणि कुठे बोंबलावं, एवढं लिहिणाऱ्याने ठरवायचं.

हीच कसरत बेंगळुरूच्या पत्त्यांवर करायची म्हटलं तर क्रिकेट सोपं वाटू लागेल. १८९८ च्या प्लेगनंतर शहराबाहेर मोकळ्या हवेत आखलेल्या मल्लेश्वरमपासून पुढे कितीतरी वस्त्यांमध्ये रस्त्यांना नावांऐवजी आकडे आहेत. एका दिशेचे ‘मेन’, त्यांना छेदणारे ‘क्रॉस’. जयनगरमध्ये त्यावर आणखी ‘ब्लॉक’, एचएसआर लेआउटमध्ये ‘सेक्टर’. कागदावर हे संगणकाच्या हृदयाला हात घालणारं आहे: ब्लॉक, मेन, क्रॉस, घर. प्रत्यक्षात कुणी आधी क्रॉस लिहितो, कुणी आधी मेन. कुणी ब्लॉक गाळतो, कुणी जवळचं देऊळ घालतो.

पत्ते तोडायला आरमध्ये एक फंक्शन आहे. ते स्वल्पविरामाशी पत्ता तोडून तुकड्यांची यादी देतं, आणि प्रत्येक पत्त्याचे तुकडे निराळे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बेंगळुरू केंद्राचा पत्ता घ्या: आठवा मैल, म्हैसूर रस्ता, आरव्हीसीई पोस्ट, बेंगळुरू ५६००५९. चार तुकडे, तिसरा म्हणजे टपाल कार्यालय. भारतीय विज्ञान संस्थेचा पत्ता: सी. व्ही. रामन रस्ता, बेंगळुरू ५६००१२. दोनच तुकडे, तिसरा नाहीच. पुढून मोजत गेलं तर काही जुळत नाही, शेवटून मोजलं तर शहर आणि पिन हमखास मिळतात. मेन आणि क्रॉस मात्र जागेवरून शोधण्यात अर्थ नाही. त्यांची नावं आकड्याला चिकटूनच येतात, तेव्हा ज्या तुकड्यात ‘क्रॉस’ हा शब्द आहे तो उचलावा.

पिनचं काम जास्त नीट आहे, कारण ते नीटपणासाठीच घडवलेलं आहे. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा आकडे, पहिला विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो, उरलेले तीन टपाल कार्यालयाचे. ५६ ते ५९ कर्नाटक: बेंगळुरू ५६०, बेळगाव ५९०. शेवटच्या तीन आकड्यांत बऱ्याच ठिकाणी शहराचे जुने टपाल क्रमांक सामावलेले आहेत. सदाशिव पेठेतल्या माणसाचं ‘पुणे ३०’ हे ४११०३० च्या पोटात सुखरूप आहे, दादरचं ‘मुंबई २८’ ४०००२८ मध्ये. तसंच मल्लेश्वरमचं ३ हे ५६०००३ मध्ये आणि बसवनगुडीचं ४ हे ५६०००४ मध्ये.

पिनमधून राज्य काढायला पहिले दोन आकडे पुरतात, असं ठोकून सांगणारे प्रोग्रॅम सर्रास लिहिले जातात. ४० ते ४४ महाराष्ट्र. पण पणजीचा पिन ४०३००१ आहे. दोन आकड्यांवर थांबणारा प्रोग्रॅम अख्खा गोवा महाराष्ट्रात विलीन करून मोकळा होतो, आणि त्या प्रश्नावर गोव्यात १९६७ मध्येच जनमत कौल होऊन गेलेला आहे. तिसऱ्या आकड्यापर्यंत जायलाच हवं.

मे २०२५ मध्ये भारतीय टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राच्या सहकार्याने घडलेली ही पद्धत म्हणजे तर नकाशावर अंथरलेली यादीच्या पोटातली यादी. भारत सामावेल असा ३६ अंश बाय ३६ अंशांचा चौकोन घ्यायचा, त्याचे चार बाय चार असे सोळा भाग करायचे, प्रत्येकाला एक चिन्ह द्यायचं. मग त्या भागाचे पुन्हा सोळा, त्याचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा. दहाव्या थरावर चौकोनाची बाजू चारेक मीटर उरते, म्हणजे जयनगरच्या एखाद्या घराचं फाटक. दहा थर, प्रत्येक थरात सोळांपैकी एक जागा, आणि सगळे थर सारख्याच लांबीचे. वाइड चेंडूला इथे वाव नाही. शेवटचं चिन्ह चुकलं तर पोस्टमन फार तर काही मीटरवरच्या दुसऱ्या फाटकाशी उभा राहील. पहिलं चिन्ह चुकलं तर पत्र हजार किलोमीटर लांब, कदाचित भर समुद्रात जाईल.